बुकशेल्फ कुरकुरतंय? तेल घालू नका, आधी त्याची पाठ बघा

खोक्यातून सुट्या फळ्या येतात, सोबत एक अ‍ॅलन की, स्क्रूची पुडी आणि चित्रांचा कागद, रविवारी दुपारी बसलं की संध्याकाळपर्यंत उभं राहतं, असलं बुकशेल्फ आता नाशिकमध्ये सगळीकडे दिसतं. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये आहे, सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये आहे, अंबड-सातपूरला नोकरीला आलेल्या पोरांच्या भाड्याच्या खोलीतही आहे. पहिलं वर्ष मजेत जातं. मग एखाद्या दिवशी वरच्या कप्प्यातलं पुस्तक ओढताना कर्र असा आवाज येतो, नंतर झाडताना येतो, मग पंखा फुल केला तरी येतो की काय असं वाटायला लागतं. आणि घरातला कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतो.

तेल नको. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण एकदा तेल गेलं की ते परत काढता येत नाही. या फळ्या आतून भुश्याच्या असतात, तेल पितात, मऊ पडतात, जिथे स्क्रू पकडून बसलाय तिथलीच जागा ढिली होते, वर पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना डाग. स्प्रेचं डब्ल्यूडी-४० सुद्धा इथे कामाचं नाही, ते लोखंडी बिजागरीला ठीक आहे. फळीला फळी घासतेय म्हणून आवाज येतो हे खरं, पण घासतेय का, तर कपाट हलतंय म्हणून. हलणं थांबवलं की आवाज आपोआप जातो, आणि हलणं न थांबवता नुसता आवाज दाबला तर एक दिवस कप्पा खाली येतो. म्हणून खाली जे सगळं लिहिलंय ते हलणं कसं शोधायचं आणि कसं थांबवायचं यावरच आहे.

हलायला का लागतं

काडेपेटीचं बाहेरचं कव्हर घ्या, आतला ट्रे काढून टाका आणि कोपऱ्यावर बोटाने दाबा, लगेच तिरकं होतं. बुकशेल्फ नेमकं तेच आहे. दोन उभ्या फळ्या, चार-पाच आडव्या, समोरून उघडं. त्याला तिरकं होण्यापासून अडवते ती फक्त मागची पातळ पाठ, तो ३ मिमीचा हार्डबोर्ड. बहुतेकांना वाटतं पाठ म्हणजे भिंत दिसू नये म्हणून लावलेला पत्रा, त्यामुळे जोडताना शेवटी कंटाळा आलेला असतो तेव्हा चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून मोकळे होतात. खरं तर कपाटाची सगळी ताकद तिथेच असते. जोडणीचे स्क्रू फळ्या एकमेकींना धरून ठेवतात, पण काटकोन धरून ठेवायचं काम पाठीचं.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, पंचवटीत काम करतात, त्यांना असलं कपाट दाखवलं की ते पुढून बघतच नाहीत, सरळ मागे हात घालतात. "भाऊ, पाठ निघालीये याची, बाकी काही नाही." आणि दहातल्या सात-आठ वेळा तसंच असतं असं त्यांचं म्हणणं, मला ते पटतं.

दुसरं कारण फळीचं मटेरियल. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-छिलके आणि रेझिन, गरम प्रेसमध्ये दाबून केलेली फळी. वरून-खालून घट्ट असते, मध्ये पोकळसर. स्क्रू जर फळीच्या कडेतून आत गेला असेल तर तो नेमका त्या पोकळ थरात बसलेला असतो, म्हणून कडेतले स्क्रू आधी ढिले होतात. आणि ही फळी दमट हवेत फुगते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागतं त्या दिवसांत, घरातली हवा किती ओली असते ते कपाटातल्या कपड्यांच्या वासावरूनच कळतं. त्या वेळी फळी फुगते, मिनीफिक्स (फळ्या जोडणारा धातूचा गोल तुकडा आणि त्याची पिन) आणि डॉवेल (लाकडी खुंट्या) जिथे बसलेत तिथला भुसा आतल्या आत चेपला जातो. मग एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपास ऊन, कोरडी हवा, फळी आकसते, पण चेपलेला भुसा परत फुलत नाही. म्हणजे दर वर्षी भोक केसभर मोठं. दोन-तीन पावसाळे झाले की जो जोड पहिल्या दिवशी गच्च होता त्यात खेळ येतो, आणि नवं असताना न वाजलेलं कपाट जुनं झाल्यावर का वाजतं याचं उत्तर हेच आहे.

तिसरं, वजन. ज्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे तिथे घराघरात पुस्तकं साठणारच, आणि हे रॅक मात्र दोन फुलदाण्या आणि चार पुस्तकं अशा फोटोच्या हिशोबाने बनवलेले असतात. एक मीटर लांब पुस्तकांची ओळ सहज २५-३० किलो भरते. दिवाळी अंकांचे गठ्ठे आडवे रचले तर त्याहून जास्त.

आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा

हे भरलेल्या कपाटावरच करा, रिकामं केल्यावर आवाज बऱ्याचदा गायब होतो आणि मग शोधत बसावं लागतं. एकाने कपाटाच्या वरच्या टोकाला हात ठेवून हळूच डावी-उजवीकडे ढकलायचं, एखादं बोट सरकेल इतकंच, जोरात नाही, भरलेलं कपाट अंगावर येऊ शकतं. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट टेकवून बघायचं, जिथे वाजतं तिथे बोटाला बारीक थरथर लागते. कानापेक्षा बोट जास्त खरं सांगतं कारण पोकळ कपाटात आवाज घुमतो आणि खालचा आवाज वर ऐकू येतो.

डावी-उजवीकडे ढकलल्यावर पूर्ण कपाट झुकत असेल तर पाठ. पूर्ण कपाट पाय बदलल्यासारखं टकटक करत असेल तर जमीन. फक्त एका कप्प्यावर दाबलं की कुईं करत असेल तर कप्प्याखालच्या पिना. आणि एकाच कोपऱ्यात कर्र होत असेल, त्या कोपऱ्याखाली पांढरट-पिवळट भुकटी पडलेली असेल तर त्या जोडातलं मिनीफिक्स फळी खातंय.

भुकटीवरून एक आठवलं, ती भुकटी सतत पडत असेल, फळीवर टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील तर ती वाळवी किंवा दुसरी कीड आहे, तिथे हा लेख बंद करा आणि आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, शेजारच्या लाकडी दरवाज्याची चौकटही दाखवून घ्या.

सामान

स्टार स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की, हातोडी, मेजरिंग टेप, फेविकॉल, साधी पांढरी मेणबत्ती, २५ मिमी लांबीचे बारीक स्क्रू आणि त्यांना वायसर, ८ आणि १० मिमीचे लाकडी डॉवेल, दोन एल पट्ट्या आणि गिट्ट्या, म्हणजे भिंतीच्या भोकात स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे. ड्रिल मशीन असेल तर उत्तम, नसेल तर शेजारी कोणाकडे तरी असतंच. सगळं कुठल्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पॉवर स्क्रूड्रायव्हर असेल तर तो मिनीफिक्सवर अजिबात वापरू नका, हातानेच.

आधी जमीन

सगळ्यात सोपं आणि लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हे. जुन्या नाशकात शहाबादी फरशी असेल तर ती वर-खाली असणारच, पण नव्या फ्लॅटमध्येसुद्धा टाइल्सला मोरीच्या किंवा बाल्कनीच्या बाजूला उतार असतो. कपाटाच्या चारही कोपऱ्यांखाली कागद सरकवून बघा, जिथे सहज सरकतो तो कोपरा हवेत आहे. तिथे बाद झालेल्या एटीएम कार्डाचे तुकडे, रबराची पट्टी, असं काहीतरी न चेपणारं घाला. पेपरची घडी घालू नका, लादी पुसताना ती पाणी पिते, लगदा होते आणि महिन्यात कपाट परत तिथेच.

लादी पुसण्याचा विषय निघालाय तर तेही सांगतो कारण ह्याने जितकी कपाटं गेली तितकी वजनाने गेली नसतील. उभ्या फळ्यांचं खालचं टोक थेट लादीवर टेकलेलं असतं, त्या टोकाला बऱ्याचदा पट्टी चिकटवलेली नसते, उघडा भुसा असतो, आणि रोज ओलं फडकं त्याला लागतं. वाकून बघा, खालच्या दोन बोटांएवढ्या जागेत फळी जाड झाली असेल, सनमायका फुटून वर आला असेल. फुगलेलं परत बसत नाही. पण पुढचं थांबवता येतं: पुढे कपाट आडवं कराल तेव्हा ते टोक चांगलं वाळू द्या, त्यावर ऑइल पेंटचा हात मारा आणि खाली रबराचे किंवा प्लास्टिकचे पाय ठोका, सेंटीमीटरभर उचललं तरी पुरे.

रिकामं करा, आडवं करा, काटकोन बघा

वरून खाली अशा क्रमाने रिकामं करा, खालचं आधी काढलं तर वरचं वजन कपाट उलटवतं. पुस्तकं निघाली आहेत तर कसर लागलीये का तेही बघून घ्या. मग दोघांनी मिळून कपाट चादरीवर तोंड खाली करून आडवं करा. ओढू नका. लादीवर ओढलं की सगळे जोड एकदम पिळले जातात, घर बदलताना कपाटं खिळखिळी होतात ती याच ओढाओढीने.

आता टेप घ्या आणि मागून कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरा कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर कपाट काटकोनात आहे. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन टोकांना आत दाबा आणि परत मोजा. पाठ घट्ट असेल तर दाबूनही हलणार नाही, मग आधी पाठीच्या एका बाजूच्या चुका काढा.

पण पाठ लावण्याआधी जोड.

मिनीफिक्स, म्हणजे तो गोल फिरणारा तुकडा साधारण १५ मिमीचा असतो आणि त्यावर बाण किंवा खाच असते. त्याला सरळ घट्ट करत सुटायचं नाही. आधी उलटा फिरवून पूर्ण मोकळा करा, दोन्ही फळ्या हाताने एकमेकींवर दाबून धरा, फट राहता कामा नये, आणि मग सुलट फिरवा. साधारण अर्ध्या फेऱ्यात तो समोरच्या फळीतल्या पिनेला ओढून गच्च होतो, तिथे थांबा. त्याचं काम पकडणं आहे, फळ्या ओढून आणणं नाही. फट ठेवून जोर लावला तर आतला भुसा तुटतो आणि तो तुकडा नुसता गोल गोल फिरत राहतो. तसा फिरत असेलच तर आधी पिन बघा, पिन समोरच्या फळीत पूर्ण आत गेलेली नसेल तर तिचं डोकं त्याच्या तोंडात येतच नाही, दोन फेरे पिळून बघा. नुसतं मिनीफिक्सच झिजलेलं असेल तर तसलंच नवं मिळतं, जुनं खिशात घालून दुकानात न्या, सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

पिनच फळीत ढिली असेल तर हे जरा निगुतीने करायचं काम आहे. पिन काढा, भोकातला सुटा भुसा फुंकून-खरवडून काढा. भोक थोडंच मोठं झालं असेल तर डोकं तोडलेल्या आगकाड्या किंवा टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून गच्च भरा, वरची टोकं ब्लेडने छाटा, पूर्ण एक दिवस तसंच ठेवा आणि मग पिन परत पिळा. घाई केली तर ओलं फेविकॉल आटे धरत नाही. भोक फारच बिघडलं असेल तर १० मिमीच्या ड्रिलने ते साफ करून त्यात १० मिमीचा डॉवेलचा तुकडा फेविकॉल लावून ठोका, वाळल्यावर मधोमध मूळ भोकाइतकंच नवं भोक पाडा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण करून घ्या, फळी १६ किंवा १८ मिमीच असते, १२ मिमीच्या पुढे गेलात तर बाहेरच्या बाजूने निघाल. भोकाची कड बोटाने चुरली जात असेल तर फेविक्विकचे दोन थेंब त्या भुश्यात मुरू द्या, दगडासारखा कडक होतो, मग पुढचं काम.

डॉवेल काढून बघा, हाताने सहज निघत असतील तर तेही कुरकुरणारच. तुमचं स्वतःचं घर असेल, कपाट आता हलवायचं नसेल तर दोन्ही बाजूंना फेविकॉल लावून कायमचं बसवा, यासारखं घट्ट दुसरं काही नाही. भाड्याने राहत असाल, अकरा महिन्यांनी परत सगळं सोडायचं असेल तर एकाच बाजूला फेविकॉल लावा, आडव्या फळीच्या बाजूला, आणि उघड्या टोकावर मेणबत्ती घासा. मग जोड घट्टही बसतो, वाजतही नाही आणि सोडवताही येतो. एक लक्षात ठेवा, फेविकॉल फक्त उघड्या भुश्याला आणि लाकडाला धरतं, सनमायक्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही ओतलं तरी वाळून पापडीसारखं निघतं, म्हणून फटीत बाहेरून फेविकॉल भरण्यात अर्थ नाही.

आता पाठ

जुन्या चुका सगळ्या काढा. त्याच भोकात परत ठोकल्या तर आठवड्यात सुटतील. कर्ण परत मोजा, सारखे करा, आणि कोणाला तरी ते धरून ठेवायला सांगा. कडेपासून ८ मिमीवर, म्हणजे फळीच्या जाडीच्या मधोमध येईल अशी पेन्सिलने रेघ मारा, नाहीतर स्क्रू फळीच्या बाजूने फुटून बाहेर येतो आणि समोरून दिसतो. त्या रेघेवर साधारण दर १५ सेंटीमीटरला २ मिमीचं भोक आणि त्यात वायसरसकट २५ मिमीचा स्क्रू. वायसर पाहिजेच, हार्डबोर्ड पातळ असतो, नुसतं स्क्रूचं डोकं आरपार जातं. आधी चार कोपरे, मग एकदा कर्ण तपासा, मग बाकीचे. मधल्या पक्क्या आडव्या फळीलाही दोन-तीन स्क्रू मारा, ते कोणी मारत नाही आणि पाठ मध्ये फुगून फटफट वाजते ती त्यामुळेच.

हार्डबोर्ड ओलीने लाटा आल्यासारखा झाला असेल तर तो फेकून ६ मिमी प्लायवूड मापाने कापून आणा, प्लायवाले दुकानातच कापून देतात. पाठ खाचेत बसणारी असेल तर ६ मिमी त्या खाचेत जाणार नाही, मग सरळ मागच्या कडांवर वरून लावा आणि स्क्रू ३० मिमीचे घ्या. माझं स्पष्ट मत, शंभर ठिकाणी पट्ट्या आणि चिकटपट्ट्या लावण्यापेक्षा हे एक काम करा, सगळ्यात जास्त फरक ह्याने पडतो.

कप्पे

सुटे कप्पे ज्या पिनांवर बसतात त्या ५ मिमीच्या असतात. एक जरी वाकली असेल तर कप्पा तीनच पिनांवर बसतो आणि प्रत्येक पुस्तकाला कुईं करतो. चारही बदला, स्वस्त असतात, लोखंडीच घ्या. पिनेवर आणि कप्प्याच्या खालच्या बाजूला मेणबत्ती घासा किंवा फेल्टचा छोटा तुकडा चिकटवा.

कप्पा वाकलेला असेल तर उलटा करून ठेवा, वर्षभर निभेल. पण लांब कप्प्याचं गणित समजून घ्या: तसाच भार पसरलेला असताना ६० सेंटीमीटरऐवजी ८० सेंटीमीटरचा कप्पा घेतला तर तो तिपटीपेक्षा जास्त वाकतो, कारण वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. त्यामुळे लांब कप्प्याला पुढच्या कडेखाली दोन बोटं रुंद लाकडी पट्टी उभी लावा, फेविकॉल आणि खालून स्क्रू. इथे आधी सनमायका पॉलिश पेपरने चांगला खरवडून घ्या. वाकणं थांबलं की कप्प्याची टोकं पिनांवर घसरत नाहीत, आवाजही जातो.

भिंतीला बांधा

लहान मूल असलेल्या घरात हे ऐच्छिक नाही. मुलं कप्प्यांवर पाय ठेवून चढतात आणि वरचं वजन पुढे येतं. आवाजासाठीही फायदा आहेच, वरचं टोक भिंतीला धरलं की डोलणं बंद. खाली स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून थोडं पुढे राहतं, त्या फटीत वर तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा घाला आणि मग एल पट्टी मारा, नाहीतर पट्टी ओढून कपाट मागे कलतं. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर ती फट राहिलेलीच बरी, हवा खेळते.

भिंत विटेची असेल तर साधी ८ मिमी गिट्टी चालते. नव्या बिल्डिंगमध्ये हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंती असतात, ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि पांढरी भुकटी पडते, तिथे साधी गिट्टी गोल फिरते, त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागा आणि ड्रिल हॅमर मोड बंद करून मारा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आतून वायरिंग गेलेलं असतं.

परत भरताना

खालून वर भरा, जड पुस्तकं आणि अंकांचे गठ्ठे सगळ्यात खाली, पेपरबॅक वर. आठवड्याभराने, वजन बसल्यावर, मिनीफिक्स एकदा हाताने तपासा, एखादं किंचित सैल झालेलं असतंच.

वेळ कधीची निवडायची, तर दिवाळीच्या साफसफाईत तसंही सगळं रिकामं होतं तेव्हा पाठ आणि जमीन बघून घ्या, पण त्या वेळी फळी पावसाची ओल अजून सोडत असते, म्हणून मिनीफिक्सचा शेवटचा हात मार्चमध्ये, हवा कोरडी झाल्यावर परत फिरवा, पुस्तकं न काढताही जे दिसतात तेवढे फिरवले तरी चालतं.